उत्तमरावांनी जागा धरली

माणिकरावांनी नवी कोरी गाडी दारात आणून उभी केली तेव्हा उत्तमराव ओसरीवर वांगी निवडत बसले होते. गाडीकडे पाहायचंच नाही असा त्यांनी चंग बांधला होता, त्यामुळे किडकी वांगी चांगल्यांत आणि चांगली किडक्यांत जात होती. माणिकराव म्हणजे वच्छलाबाईंचे धाकटे भाऊ. देऊळगाव राजाला त्यांचं बियाण्यांचं दुकान आहे आणि ओठावर भरघोस मिशी आहे. दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान.

"भाऊजी, ताईला समुद्र पाहायचाय ना? चला कोकणात. ए.सी. लावून नेतो."

"काऊन? एस.टी. बंद झाली काय?" उत्तमराव हातातल्या वांग्याला म्हणाले.

"एस.टी.नं कोकण होत नसतं भाऊजी. तिकडं गावं इथं एक, तिथं एक. मधीच घाट, मधीच खाडी. गाडी नसली तर माणूस फाट्यावर उभा राहून म्हातारा होतो."

"मी म्हाताराच हाय. मले काय फरक पडते?"

विषय इथेच मिटला असता. पण माणिकरावांनी मिशीवरून हात फिरवला, आणि तो हात फिरला की त्यांच्या तोंडून काहीतरी मोठं निघतंच. "ताईनं एस.टी.नं जाऊन डोळे भरून समुद्र पाहिला ना, तर ही मिशी उतरवतो. तुमच्या धाड गावच्या स्टँडवर. सगळ्यांसमोर."

उत्तमरावांनी वांगं खाली ठेवलं. "अवं, बॅग भर," ते आत पाहून ओरडले.

या सगळ्यात समुद्राची खरी हौस होती ती एकट्या वच्छलाबाईंना. तीन वर्षं त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. नवरा घरात आला हे त्यांना खोकल्यावरून कळायचं आणि म्हैस घरात आली हे नवऱ्याच्या ओरडण्यावरून. हिवाळ्यात ऑपरेशन झालं, दूरचं पाहायचा चष्मा मिळाला आणि बाईंना लिंबाची पानं सुटी सुटी दिसायला लागली. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "डोये नवे झाले. आता एखादी मोठी चीज पाह्यली पाह्यजे." धाडमध्ये मोठी चीज म्हणजे पाण्याची टाकी. ती त्यांनी दोनदा पाहिली. मग त्या समुद्राचं बोलू लागल्या, रोज, भाकरी थापताना, आणि उत्तमराव पाठ करून जेवू लागले.

उत्तमरावांचा एस.टी.वर एवढा जीव का, तेही सांगायला हवं. उत्तमराव हे धाडच्या स्टँडवरचे जागा धरण्यातले वस्ताद. बाजाराच्या दिवशी गाडी आली की माणसं दाराकडे धावतात, उत्तमराव खिडकीकडे धावतात. गाडी थांबायच्या आत त्यांचा रुमाल आत जाऊन सीटवर पडलेला असतो. रुमाल, टोपी, चप्पल, हातात काहीच नसलं तर कोथिंबिरीची जुडी. जे पडलं ते पडलं. ती जागा मग त्यांची. आमच्याकडे बांधावरून भावाभावांत भांडणं होतात, पण खिडकीतून टाकलेल्या रुमालावरून कोणी भांडत नाही. उत्तमरावांनी या कलेच्या जोरावर आयुष्यात कधी उभ्यानं प्रवास केला नव्हता, आणि एवढी कला हातात असताना माणसानं मोटार कशाला घ्यावी हे त्यांना मनापासून कळत नव्हतं.

गाड्या बदलत बदलत, प्रत्येक स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकत दोघं दापोलीला उतरले तेव्हा सकाळ होती. घाटात वच्छलाबाईंना मळमळलं होतं म्हणून त्यांनी चष्मा काढून भाकरी-ठेच्याच्या पिशवीत ठेवला होता आणि डोळे मिटले होते. त्या अजून अर्धवट झोपेत होत्या. पिशवी उत्तमरावांच्या हातात होती. समोरून एक एस.टी. हलली.

आता धाडच्या स्टँडवर हलणारी गाडी म्हणजे आत येणारी गाडी. बाहेर जाणारी गाडी हलत नसते, कारण तिच्या दारात निम्मं गाव लोंबकळत असतं. उत्तमरावांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी बॅग खाली टाकली, धोतराचा सोगा दाबला आणि खिडकी हेरून पिशवी भिरकावली. काय नेम होता! पिशवी अर्ध्या उघड्या काचेतून आत गेली आणि सीटवर बसली.

"धरली जागा!" उत्तमराव छाती काढून म्हणाले.

गाडी फाटकातून बाहेर गेली, वळली आणि दिसेनाशी झाली. आत मोजून चार माणसं होती. बाकीच्या सगळ्या जागा मोकळ्याच होत्या.

"आवो," वच्छलाबाई डोळे चोळत म्हणाल्या, "माझा चष्मा द्या. समुद्र आला काय?"

उत्तमरावांनी फाटकाकडे पाहिलं. बाईंनी त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. जवळचं त्यांना दिसत होतं.

"पिशवी कुठी हाय?"

"जागेवर हाय."

"कोनत्या जागेवर?"

"खिडकीच्या."

चौकशीच्या खिडकीतल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ती दाभोळ गाडी. दुपारी इकडंच परत येईल. पिशवी कुठं जात नाय. बसा, चहा घ्या." मग त्यांनी विचारलं, "तुमची गाडी कुठं लावलीत?"

"आमची गाडी दाभोळले गेली," उत्तमराव म्हणाले.

बसले असते तर ही गोष्ट चहापाशीच संपली असती. पण उत्तमरावांना भाकरी-ठेच्याची काळजी लागली. उघड्यावर पडलेला ठेचा कोणी दुपारपर्यंत ठेवतो, यावर त्यांचा विश्वास बसेना. शिवाय बाईंनी स्टँडच्या मधोमध उभं राहून पदर ओढला तो थेट हनुवटीपर्यंत.

"हे काय करून राह्यली?"

"वास येऊन राह्यला खारा. समुद्र जवळ हाय. चष्मा भेटत नाई तोपर्यंत मी पाह्यनार नाई."

"अवं, थोडा धुरकट दिसंन, दुसरं काय?"

"पहिल्या खेपेला धुरकट पाह्यलं का ते जल्मभर धुरकटच राह्यते. तुमाले मी लग्नात पाह्यलं, होमाच्या धुरात. अजून कुठी नीट दिसले तुमी?"

उत्तमरावांनी रिक्षा केली. रिक्षावाल्याचं नाव गोविंदा. पदराखालच्या बाईंकडे पाहून त्यानं आधी रिक्षातलं गाणं बंद केलं.

रस्ता डोंगरावरून खाली वळला आणि उजव्या हाताला एकदम समुद्र आला. उत्तमरावांनीही तो कधी पाहिलेला नव्हता, हे त्यांच्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्या तोंडून "अरे बापा!" निघून गेलं.

"काय झालं? दिसला काय?" पदर विचारता झाला.

"नाई नाई. झाडं हायत."

"झाडाले कोनी अरे बापा म्हनत नाई."

उत्तमरावांना मनातून फार वाईट वाटलं. हिनं ऑपरेशनपासून रट लावली, आणि पाहून घेतला तो आपण, तोही फुकटचा. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि डोळ्यांवर बांधला. "तू नाई पाह्यत तं मीबी नाई पाह्यत. घे."

गोविंदानं आरशात मागे पाहिलं. कोकण पाहायला आलेली माणसं त्यानं बरीच फिरवली होती. समुद्र दिसला की ओरडणारी, फोटो काढणारी, उतरून नाचणारी. डोळे बांधून घेणारी नव्हती फिरवली.

"काका, काय नवस बिवस हाय काय?"

"असंच समज बापा. पिशवी भेटल्याबिगर समुद्र पाह्यचा नाई."

"कुठून आलाव?"

"बुलडाणा जिल्हा. धाड." गोविंदाच्या चेहऱ्यावर काही उमटेना, म्हणून उत्तमरावांनी सोपं करून सांगितलं, "शेगाव माईत हाय ना? त्याच जिल्ह्यातले आमी."

झालं! गोविंदानं रिक्षा बाजूला घेऊन हात जोडले. शेगाव, डोळे बांधलेलं जोडपं आणि पिशवी. तिन्ही गोष्टींची त्यानं मनातल्या मनात अशी सांगड घातली की उत्तमरावांनी नंतर कितीही सोडवली तरी ती सुटली नाही. त्यानं लगेच फोन लावला. "शेगावकडची माऊली येतेय. बरोबर बाबा पण हायत. पिशवी पुढं गेलीय एस.टी.नं. मिळाली की डोळे उघडणार, समुद्राचं दर्शन घेणार. नीट ठेवा पिशवी. चपला घालून हात नका लावू!"

"अरे, त्यात भाकर हाय बे!" उत्तमराव रुमालाखालून म्हणाले.

"प्रसाद पण हाय म्हणतायत," गोविंदानं फोनवर भर घातली.

पुढच्या फाट्यावर नारळ घेऊन माणसं उभी होती. त्याच्या पुढच्या फाट्यावर नारळ आणि हार. एका म्हातारीनं आपला गुडघा दुखतो म्हणून वच्छलाबाईंचा हात त्यावर ठेवून घेतला. बाईंना वाटलं, इकडची पाहुण्यांना नमस्कार करायची रीत असेल, म्हणून त्यांनी आपलाही गुडघा पुढे केला. म्हातारी धन्य झाली.

"लय चांगले लोकं हायत," बाई पदरातून म्हणाल्या. "माणिक काय म्हनत होता, गाडीबिगर कोनी विचारत नाई?"

दाभोळच्या धक्क्यावर एस.टी. उभी होती, पण पिशवी नव्हती. कंडक्टर बाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "मी परत डेपोत जमा करणार होते हो. पण धक्क्यावरची माणसं ऐकेनात. म्हणाली, आमच्या दाभोळला खाडी, आणि माऊली आल्यात समुद्राला. दर्शन घ्यायचं तर पलीकडं गुहागरचाच किनारा. म्हणून पिशवी डोक्यावर घेऊन मगाशीच पलीकडं गेली. माझ्या पाया पडून नेली हो त्यांनी!"

"अन् मी कोनाच्या पाया पडू?" उत्तमराव म्हणाले.

आणि ते फेरीबोटीत चढले. बोटीवर दोन मोटारी, मासळीचा एक टेम्पो, गोविंदा आणि डोळे बांधलेले हे दोघं. मोटारीतली माणसं खाली उतरून फोटो काढत होती. त्यातल्या एकानं आदरानं विचारलं, "तुमची गाडी कोणती?" उत्तमरावांनी बोटीवर पाय आपटून दाखवला.

"आवो," वच्छलाबाईंनी हळूच विचारलं, "मोठा हाय काय?"

"मीबी बांधूनच बसलो. गोविंदाले विचार."

"ही खाडी हो, माऊली," गोविंदा म्हणाला. "पलीकडची रिक्षा दिसतेय इथनं."

"रिक्षा दिसते तं मंग काय मोठी? याच्यापेक्षा आमचं धरन बरं," बाई म्हणाल्या, आणि पदर आणखी खाली ओढून निवांत बसल्या.

तिकडे खाडीच्या पलीकडे, धोपाव्याच्या धक्क्यावर निराळाच गोंधळ झाला होता. गुहागरच्या भजनी मंडळाचे बुवा भगवानराव पिशवी घ्यायला टाळ-मृदंगासह हजर होते. त्यांनी पिशवी कपाळाला लावली आणि मग त्यांना कळलं की माऊली अजून दाभोळलाच आहेत. माऊली मागे आणि त्यांची पिशवी पुढे, हे काही बुवांच्या मनाला पटेना. त्यांनी पिशवी डोक्यावर घेतली आणि परतीच्या बोटीत चढले. त्यामुळे खाडीत एक बोट पिशवीकडे चालली होती आणि दुसऱ्या बोटीतून पिशवी तिच्याकडे येत होती.

बोटी शेजारून जाऊ लागल्या तेव्हा गोविंदा किंचाळला, "काका! पिशवी! बुवांच्या डोक्यावर!"

उत्तमरावांनी रुमाल एका डोळ्यावरून वर सरकवला. तीच पिशवी. निळ्या चौकड्यांची, बंदाला गाठ मारलेली. "फेका!" ते ओरडले.

"फेकू?" भगवानराव पलीकडून हादरून म्हणाले. "पवित्र पिशवी फेकू? पाप लागेल मला!"

"अहो, मी सकाळीच फेकली! काही नाई झालं!"

काही नाई झालं हे उत्तमरावांनी कोणत्या तोंडानं म्हटलं कोण जाणे. पण बुवांना तो आदेश वाटला. त्यांनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि पिशवी सोडली. आता जन्मभर खिडकीतून वस्तू फेकणाऱ्या उत्तमरावांवर वस्तू झेलायची वेळ कधी आलेली नव्हती. त्यातून एकच डोळा उघडा. ते दोन्ही हात वर करून डावीकडे गेले, पिशवी उजवीकडून आली आणि मासळीच्या टेम्पोत, बर्फाच्या खोक्यांमध्ये, कुठेतरी खोल जाऊन पडली.

"भेटली काय?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"भेटली होती."

बोट धक्क्याला लागली, फळी पडली आणि पहिला टेम्पो सुटला तो गुहागरच्या रस्त्याला. ड्रायव्हरच्या गाण्याचा आवाज एवढा मोठा होता की गोविंदाची हाक त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. भगवानराव तिकडे दाभोळला पोचले, तिथून पुन्हा इकडे यायच्या बोटीत चढले, आणि चढतानाच त्यांनी गुहागरला फोन केला की दर्शनाची तयारी ठेवा.

धक्क्यावर गुहागरची एस.टी. उभी होती. रिकामी. दार सताड उघडं. उत्तमरावांनी डोळ्यांवरचा रुमाल काढला तो फक्त पायरी दिसावी म्हणून, असं ते अजूनही सांगतात. पण एस.टी., उघडी खिडकी आणि हातात रुमाल, असा योग जुळला की त्यांच्या हाताला त्यांची परवानगी लागत नाही. हात वर गेला.

पदराखालून वच्छलाबाईंनी तो मनगटाला धरला.

"दारातून चढा," त्या म्हणाल्या.

"तुले कसं दिसलं?"

"पस्तीस वरसं तुमच्या मागं उभी हाय मी. दिसाले काय लागते?"

दारातून चढल्यावर सगळी गाडी आपलीच, याचा उत्तमरावांना काही केल्या आनंद होईना. न धरलेल्या जागेवर ते गुहागरपर्यंत अवघडून बसले.

गुहागरला उतरले तेव्हा सूर्य कलला होता आणि सुरूच्या बनातून किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. सुट्टीवर आलेली मंडळीही होती. त्यांना काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, पण गर्दी म्हटल्यावर त्यांनीही हात जोडले होते. पिशवी सापडली होती. टेम्पोतला माल उतरवताना मासळीवालीला ती सुरमईच्या खोक्यात मिळाली होती आणि तिनं ती धुतलेल्या ताटात घालून आणली होती. सुरमईचा वास मात्र तिला धुता आला नव्हता.

वाळू लागली तसे बाईंचे पाय रुतायला लागले. उत्तमरावांनी रुमाल परत बांधला होता, त्यामुळे कोण कोणाला नेतंय हा प्रश्नच होता. त्यांनी बाईंचा हात धरला. चारचौघांत बायकोचा हात धरायची त्यांना सवय नव्हती. पण डोळे बांधलेले असल्यामुळे चारचौघं दिसत नव्हते, म्हणून जमलं. समोरून सारखा आवाज येत होता. पाऊस लागून राहिल्यासारखा, पण अंग कोरडं.

"हा त्याचाच आवाज काय?" बाईंनी विचारलं.

"त्याचाच असंन."

बाईंनी डोळे घट्ट मिटून पदर मागे टाकला. चाचपडत पिशवीची गाठ सोडली, चष्मा काढला. काचेला ठेच्याचं तेल लागलं होतं. मिटल्या डोळ्यांनी त्यांनी तो लुगड्याला पुसला, वास घेतला, परत पुसला. किनाऱ्यावर कोणी हूं की चूं करत नव्हतं. भगवानराव धापा टाकत पोचले आणि त्यांनीही टाळ पोटाशी धरून ठेवले. बाईंनी चष्मा नाकावर चढवला.

"रुमाल सोडा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "संगंच पाहू."

आणि दोघांनी पाहिला.

लाट येई, त्यांच्या पायांशी फुटे आणि मागे जाई, आणि वच्छलाबाई तिला नजरेनं पार आतपर्यंत पोचवून परत येत. तीन वर्षं ज्यांना ताटातलं मीठ दिसत नव्हतं त्या बाईंना आता पाण्याची शेवटची रेघ दिसत होती. त्यांना फार आनंद झाला. इतका, की तो कुणाला सांगावा असं त्यांना वाटेना.

शेवटी भगवानरावांना राहवेना. "माऊली, काय मागितलंत?"

"मागू काय?" बाई समुद्रावरून नजर न काढता म्हणाल्या. "ते बिचारं कवापासून कामात हाय. घडीभर बसाले नाई त्याले. त्याच्यापाशी काय मागता?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. हे फारच खोल आहे असं सर्वांचं मत पडलं. मग बाईंना एकदम आठवण झाली की एवढी माणसं आपल्यासाठी दिवसभर धावली आणि आपण त्यांना साधं विचारलंही नाही. त्यांनी पिशवीतल्या भाकरी काढल्या, प्रत्येकीचे तुकडे केले, वर बोटभर ठेचा लावला आणि वाटायला सुरुवात केली. लोकांनी प्रसाद दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांना लावला आणि अख्खा तोंडात टाकला.

धाडचा ठेचा. कोकणातल्या नारळाच्या वाटणावर वाढलेल्या जिभांना त्याची काय कल्पना! पहिल्यांदा भगवानरावांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मग मासळीवालीच्या. मग सगळा किनारा मुसमुसून रडू लागला. कोणाला बोलता येईना. कोणी छाती धरली, कोणी गुडघ्यांवर बसलं, दोघंतिघं तर थेट समुद्रात धावले. मागे उभ्या असलेल्यांना प्रसाद पोचला नव्हता. पुढच्यांची ही अवस्था पाहून तेही गहिवरले.

"अनुभव आला," भगवानराव शब्द सापडल्यावर म्हणाले. "आतून... अगदी आतून आला."

गोविंदानं फोटो काढून उत्तमरावांच्या फोनवरून माणिकरावांना पाठवला. गळ्यात हार घातलेल्या वच्छलाबाई, मागे समुद्र, भोवती शंभर माणसं रडतायत. माणिकरावांचा लगेच फोन आला.

"भाऊजी, ताई निवडणुकीला उभी राहिली काय?"

"समुद्र पाह्यला तिनं. डोये भरून. एस.टी.नं." उत्तमराव सावकाश म्हणाले. "न्हाव्याले सांगून ठेवा."

रात्री भगवानरावांनी दोघांना आपल्याच घरी ठेवून घेतलं. सकाळी उत्तमराव अंघोळ करून बॅग भरून तयार. चिपळूणमार्गे परतीची गाडी त्यांनी विचारून ठेवली होती. मळ्यात वांगी तोडायला आली होती आणि स्टँडवर मिशी उतरायची होती. दोन्ही कामं त्यांना डोळ्यांपुढे दिसत होती.

"एवढ्यातच?" वच्छलाबाई म्हणाल्या.

"झाला ना पाहून?"

"हाव, पाह्यला."

"मंग? तो काय उद्या निराळा दिसनार हाय?"

बाईंनी पिशवी स्वतःकडे घेतली. कालच्या प्रकारानंतर ती उत्तमरावांच्या हातात द्यावी असं कोणीच म्हटलं नसतं, उत्तमरावांनीसुद्धा नाही. बाईंनी कालचा रुमालही नवऱ्याच्या खिशातून काढून पिशवीत टाकला होता.

गुहागरच्या स्टँडवर चिपळूणची गाडी लागली होती. उत्तमराव शहाण्यासारखे दाराशी रांगेत उभे राहिले. रांगेत ते एकटेच होते. शेजारी आणखी एक एस.टी. गुरगुरत होती.

"ती कुठी चालली हो, भाऊ?" बाईंनी एकाला विचारलं.

"ती वेळणेश्वर."

"तठी समुद्र हाय काय?"

"हाय म्हणजे! दारातच की. इथल्यापेक्षा सुरेख. खडकावर लाट अशी उडते... बघाच तुम्ही."

गाडी हलली. फाटकाकडे तोंड करून हलली, म्हणजे बाहेर जाणारी होती. यात कुणाची चूक व्हायचं काहीच कारण नव्हतं. वच्छलाबाईंनी पदर खोचला. दोन पावलं मागे गेल्या. पस्तीस वर्षं ज्या माणसाच्या मागे उभं राहून त्यांनी ही कला पाहिली होती, तो माणूस "अवं! अवं, ती आपली नाई!" असं ओरडत असतानाच त्यांनी पिशवी भिरकावली. अर्ध्या उघड्या काचेतून ती आत गेली आणि समुद्राच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसली.

गाडी फाटकातून बाहेर पडली. उत्तमराव बॅग हातात घेऊन तिच्याकडे पाहत राहिले. नेम आपल्यापेक्षा चांगला होता, हे त्यांना कबूल करावंच लागलं.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"करायचं काय? पिशवी गेली," वच्छलाबाई म्हणाल्या. "मांगं जावं लागंन." आणि त्या रिक्षा पाहायला निघाल्याही.

या खेपेला चष्मा त्यांच्या नाकावर होता.